बाई आणि एटापल्लीची दोन वर्षं

माझ्या सासूबाई घरात मला बोल लावायच्या आणि घराबाहेर माझं कौतुक करायच्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. सकाळी चुलीपुढे त्या म्हणायच्या, "मास्तरीन झाली, पन वरनात मीठ किती टाकाव, तेबी समजत नाई." दुपारी राजुऱ्याच्या बाजारात मात्र भाजीवालीला सांगायच्या, "आमच्या सुनेवानी सून साऱ्या वस्तीत नाई." यातल्या खऱ्या बाई कोणत्या, हे मला कधी कळायचं नाही.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना दूर जंगलातल्या एटापल्लीच्या शाळेत माझी बदली झाली. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला. त्याला येता येणार नव्हतं. "सोडून दे नोकरी," तो म्हणाला. नणंदेनंही तीच री ओढली. बाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या. मला वाटलं, त्याही लेकाच्याच बाजूच्या.

निघायच्या दिवशी नवरा कामावर निघून गेला. मी लेकराला घेऊन बसस्टँडवर पोचले, तर बाकावर बाई बसलेल्या. मांडीवर कापडी पिशवी.

"बाई, तुमी इथी काऊन?"

"तू शाळेत जाशीन, तं लेकराले कोन पाहीन?"

एटापल्लीला पोचल्यावर त्यांनी अंगणात जाऊन लेकाला फोन केला. काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. नोकरी सोडली नाही म्हणून रागावला असेल, असं मी धरून चालले.

दोन वर्षं बाईंनी नात सांभाळली. गोंड शेजारणीकडून चार गोंडी शब्द शिकल्या, तिच्याबरोबर मोहफुलं वेचायला गेल्या. आणि रोज मला ऐकवलं, "तुह्यापायी या जंगलात येऊन पडली मी!"

पुन्हा बदली होऊन आम्ही परतलो, तेव्हा नणंद माझ्यावर उसळली. "पाया पडून, रडून नेलं तू माह्या आईले!" अंगणातला तो फोन मला आठवला. बाई नातीच्या वेण्या घालत होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"बाई, तुमी आपल्या मनानं आल्या होत्या ना?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मंग काय सांगू लोकाईले? पोराले सोडून सुनेसंग गेली मनून?"

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. उठून पोळ्या लाटायला गेले.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. बुद्धवंदना झाली, माणसं पांगायला लागली, आणि नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "हिनंच जंगलात नेऊन माह्या आईची तब्येत बिघडवली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. नवराही. त्याला खरं सांगायची ती वेळ होती.

"हो," मी म्हणाले, "मीच नेलं त्याईले."

असं का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.