शाल स्पीकरवाल्याला

सिनेमा आणि टीव्हीला मी जन्मभर संगीत दिलं, पण या धंद्याची खरी शिकवणी झाली ती कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यावर. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. कारखान्याने स्वतःवरच माहितीपट काढला आणि संगीत स्वस्तात पडावं म्हणून नेवाशाहून मला, पेटी बडवणाऱ्या पोराला, धरून आणलं.

चेअरमनला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मत प्रत्येक सुरावर होतं. "आमी पडद्यावर आलो की तुतारी वाजली पायजे." आणि पडद्यावर तो सारखाच येत होता. तरी पहाटे उसाच्या बैलगाड्या रांगेने येतात, तिथे मी नुसती बासरी ठेवली. चाल चांगली होती. आजही म्हणतो.

माझं सगळं त्या माहितीपटाच्या पहिल्या खेळावर अडलं होतं. वडील शाळामास्तर, त्यांच्या लेखी संगीत म्हणजे रिकामटेकडेपणा. लोकांनी काम मानलं तर मुंबईला जा, नाहीतर मुकाट मास्तरकीचा अर्ज भर, असं बजावून ते स्वतः खेळाला आले.

पडदा कारखान्याच्या मैदानावर लावला होता. खेळ संपला आणि 'संगीत देणाऱ्यांचा सत्कार' पुकारला गेला. मी उठेपर्यंत स्पीकरवाला व्यासपीठावर पोचलाही होता. लग्नात गाणी लावतो तो, म्हणजे गाणी त्याचीच, हा तिथला हिशेब. महिनाभर माझं डोकं खाल्लेल्या चेअरमननेच त्याला शाल घातली, नारळ दिला. टाळ्या कडाडल्या. एकालाही काही खटकलं नाही. गाढवाला गुळाची चव काय!

खाली उतरून तो शालवाला मलाच समजावू लागला, "तुमची बासरी लई बारीक हुती. म्या आवाज वाढवला म्हनून निभावलं."

वडील शेजारीच उभे होते. आता अर्ज भरणं आलं, असं मी धरून चाललो. एसटीच्या थांब्यावर पोचल्यावर ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्या बैलगाड्यांची बासरी ऐकली मी. ह्या बहिऱ्यांत राहून काय करणार? मुंबईला जा. तिथल्या लोकांना कान असतात."

गेलो. तिथले निर्माते म्हणजे चेअरमनचेच भाऊबंद. तुतारीऐवजी व्हायोलिनं मागायचे, एवढाच फरक. घरी आलो की वडील विचारायचे, "तिथं ऐकतात ना रे नीट?" ते वारेपर्यंत मी हो म्हणत राहिलो. माझं नीट ऐकणारा एकच माणूस मला भेटला, आणि तोच हे विचारत होता.