मोडेमची पिवळी वायर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मुलगा मिलिंद, त्याला माहीत नाही. सून सुजाता, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. आणि आधीच सांगून ठेवते, यातला बराच भाग मजेचा आहे. सांगताना मला आनंद होणार, आणि तो मी दाबणार नाही. पुष्कळ दिवस दाबून ठेवला आहे.

आमचे घर पावसजवळ, खोलगट जागेत, माडांच्या सावलीत. मोबाईलला रेंज हवी तर वर सड्यावर, उघड्या कातळावर, जावे लागते. मिलिंद मुंबईला कामाला. घरात आम्ही दोघीच. सुजाताने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. मी चौथी शिकलेली, जन्मभर झावळीचे हीर काढून खराटे बांधले. आमच्यात भांडण नव्हते. तसे बोलणेही नव्हते. भात टाकू का, पाणी आले का — झाले, दिवस संपला. याला तुम्ही काय म्हणाल? मी त्याला काही म्हणत नव्हते. सवय होती.

मोडेम मीच मारला. पण कबुली ती नव्हे — ते सगळ्यांना ठाऊक आहे. केबलवाल्याच्या वायरीतून आमच्याकडे नेट येते, ते घरात वाटणारी काळी पेटी म्हणजे मोडेम. भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी ढग गडगडायला लागले. आमच्याकडे गडगडले की बाई आधी काय करते? सगळे प्लग उपटते. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, जे दिसेल ते. मी मोडेमचाही उपटला. नेमका तेव्हा त्याच्या आतला प्रोग्राम बदलत होता. अर्धा जुना पुसलेला, अर्धा नवा यायचा. परत लावला तर एकच दिवा, तोही न लुकलुकणारा.

"वीट झाली मोडेमची," सुजाता म्हणाली. म्हणजे मेला, नुसते वजन उरले.

"आपल्याकडे विटा कुठल्या गो? सगळी घरं चिऱ्याची. चिरा झाला म्हण."

ती हसली. मी तिला इतके मोकळे हसताना तोवर पाहिले नव्हते.

केबलवाला म्हणाला, नवा यायला वेळ लागेल. आणि शुक्रवारी सकाळी सुजाताची मुलाखत होती, नेटवरून, व्हिडिओवर. पुण्याच्या कंपनीचे काम, घरी बसून करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी तिला बोलावले होते. हे मला पक्के माहीत होते. विसरले होते असे मी म्हणणार नाही.

तिने कॉलेजची हत्यारांची पेटी काढली. मोडेमच्या रबरी पायांखाली स्क्रू होते, ते फिरवून झाकण उघडले. आत हिरवी पाटी, आणि तिच्या कडेला चार बारीक भोके एका ओळीत. "यांतून हा बोलतो," ती म्हणाली. "मेलेला असला तरी थोडा बोलतो." वीज तपासायच्या मीटरचे एक टोक केबलच्या धातूच्या कडीला लावले, दुसरे एकेका भोकावर. ज्याच्यावर पीं वाजले ते अर्थिंगचे. एका भोकात वीज होती, त्याला हात लावायचा नाही. राहिली दोन. एकातून तो बोलतो, दुसऱ्यातून ऐकतो. मग लॅपटॉपला जोडलेल्या तीन वायरी घेतल्या. काळी वायर अर्थिंगला, हिरवी त्याचे बोलणे आणायला, पिवळी आपले बोलणे न्यायला. पाहा, चौथी शिकलेली बाई मी, मला अजून पाठ आहे.

डाग देऊन वायर चिकटवायची तिची सोल्डरिंग गन जळलेली. त्यामुळे वायरींच्या टोकांना बसवलेल्या पिना भोकांत नुसत्या घालून तिरक्या दाबून धरायच्या होत्या. तिला लॅपटॉपच्या कळा दाबायला हात मोकळे हवे होते.

"आई, जरा धरता का? हलवायचं नाय."

मी धरल्या. हीर काढणाऱ्या बाईचा हात हलत नाही. पहिल्यांदा लॅपटॉपवर काहीच नाही. तिने दोन वायरी अदलाबदल केल्या. मग आल्या नुसत्या चौकटी आणि चिन्हे, माश्या बसल्यासारख्या. "अर्थिंग सैल आहे, काळीवर जोर द्या." मी अंगठा दाबला — आणि ओळी धावायला लागल्या. सरळ, स्वच्छ, एकाखाली एक, भराभरा. मला इंग्रजी वाचता येत नाही, तरी अंगावर काटा आला. मेलेली वस्तू माझ्या बोटांखाली बोलत होती. आम्ही दोघी ओरडलो. शेजारची काकू कुंपणावरून विचारते, "काय गो, साप निघाला काय?"

त्या दिवशी चहा गार झाला, मासे मांजराने नेले, कुणी रागावले नाही. सुजाता बोलत राहिली. कॉलेजचे, माहेरचे, मिलिंद कसा लाजत बघायला आला त्याचे. मी ऐकत राहिले. शेवटी ती म्हणाली, "उद्या सुरू होताना याला मध्येच थांबवायचं नि सड्यावरून मोबाईलात उतरवून आणलेला नवा प्रोग्राम द्यायचा. दुपारपर्यंत चालू."

दुपारपर्यंत चालू. म्हणजे दुपारनंतर पुन्हा भात टाकू का, पाणी आले का. मुलाखत झाली की ती खोलीत, दार बंद, कानाला हेडफोन. हे माझ्या डोक्यात आले. आले ते आले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती परसात कपडे वाळत घालत होती. वायरीच्या टोकाला काळी प्लास्टिकची टोपी असते, तिच्यात धातूची नळी, आणि ती नळी एका बारीक जिभेने अडवलेली. काल धरून धरून मी ते न्याहाळले होते. सुईने पिवळीची जीभ उचलली आणि नळी तांदळाच्या दाण्याएवढी मागे ओढली, म्हणजे ती पिनेला टेकेनाशी झाली. बाहेरून काही दिसत नाही.

मग बसलो. ओळी धावल्या. ती कळ दाबते — तो थांबत नाही. पुन्हा दाबते — नाही. बोलतो पण ऐकत नाही. तिने वेग बदलला, लॅपटॉपचे भोक बदलले, सगळे करून पाहिले. आणि बघा, माझ्यासाठी तोही दिवस उत्सवच होता. मी प्रश्न विचारत होते, ती समजावत होती, मध्येच माझ्या खांद्यावर डोके टेकून हसत होती.

तिने मीटर काढला. वायरीच तपासते म्हणाली. हुशार मुलगी — तिथेच येऊन पोचली होती. वायर धरायला कोण? मीच. पिवळी तपासली तेव्हा मी अंगठ्याने नळी, जीभ बसणार नाही इतकीच, आत रेटून धरली. मीटर वाजला. "वायर चांगली आहे," ती म्हणाली. मी सोडली, ती परत मागे सरकली. एक दिवस जास्त मिळावा म्हणून वायर ओढणे वेगळे, आणि हे वेगळे. इथे मी तिच्या डोळ्यांसमोर खोटा पुरावा दिला.

मोडेम पुरता मेलेला असता तर ती गुरुवारीच एसटीने रत्नागिरीला भावाकडे गेली असती. तो बोलत होता म्हणून ती थांबली. संध्याकाळपर्यंत होईलच, म्हणाली. गुरुवारी संध्याकाळी ती भाकऱ्या करत होती आणि पिवळी वायर माझ्या हातात होती. नळी आत ढकलायची, जीभ बसते, टक. एवढेच काम. मी वायर खाली ठेवली आणि भाकरी खायला बसले. दोन खाल्ल्या.

शुक्रवारी ती चांगली साडी नेसून सड्यावर गेली, मोबाईल घेऊन. वारा होता. समोरच्या माणसांना तिचे अर्धेच ऐकू जाई, चेहरा गोठून राही, मग कॉल तुटे. तिसऱ्यांदा तुटल्यावर त्यांनी परत लावला नाही. उतरून आली, साडी बदलली, भांडी घासली. पुढे त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतले.

शनिवारी मी नळी आत ढकलली. म्हटले, "परत एकदा बघूया गो." तिने नको म्हणत कळ दाबली, आणि तो थांबला. नवा प्रोग्राम आत गेला. दिवे एकामागून एक लुकलुकले. मी खरेच उडी मारली, या वयात. तीही हसली, मग हसता हसता रडायला लागली.

"आई, कालच का नाय झालं हे?"

"मशीन ते. त्याचं काय सांगावं," मी म्हटले.

ती म्हणते, पहिल्या दिवशी वायरी उलट्या लावल्या तेव्हाच तिच्या हातून काहीतरी दुखावले असणार. मिलिंदला तेच सांगितले, माहेरी तेच. तिची पेटी पोटमाळ्यावर गेली. परवा पंख्याचे बटण सैल झाले, तर तिने वायरमनला बोलावले. म्हणाली, माझ्या हाताला गुण नाही. मी तिथेच बसून हीर काढत होते.

आम्ही आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. ते मला मिळाले. त्या ओळी आठवल्या की अजून बोटे शिवशिवतात, हेही खरे.

सुजाताच्या हाताला काही झालेले नाही. तिने सगळे बरोबर जोडले होते.