दोनशे चौदा कोटींची मूळ संख्या

गडचांदूरच्या बाजूला, चुनखडीच्या खाणीत नागसेननं चोवीस वर्षं दगड भरडणारं क्रशर चालवलं. वडील गेले तेव्हा तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता, गणित घेऊन. ते तिथंच राहिलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी फुप्फुसं धुळीनं भरली आणि तो खाटेला लागला. नाकात ऑक्सिजनची नळी. दोन वाक्यं बोलला की धाप लागायची.

एका दुपारी बारावीतली मुलगी दिव्यानी कॉलेजातून आली.

"बाबा, सरांनी आज एक संख्या सांगतली. २१४७४८३६४७. एक आन् ती स्वतः सोडून कोनीच भागत नाई तिले."

"पाह्यलं कोनं?"

"कॉम्प्युटरनं."

"मले पाह्यचं आहे," नागसेन म्हणाला.

त्यानं वही मागितली. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे साधारण सेहेचाळीस हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागणार होतं. जवळपास अठ्ठेचाळीसशे भागाकार. पेन्सिलीला दम लागत नाही, म्हणून तो रोज पंधरा-वीस करायचा. बायको रिना चिडायची, "आराम करा ना जी!" तो मान हलवायचा आणि पुढचा भागाकार मांडायचा.

दोन महिन्यांनी दिव्यानीनं सरांना विचारून नियम आणला. ही संख्या म्हणजे दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. हिला भागणारी मूळ संख्या असलीच तर त्या मूळ संख्येला बासष्टनं भागल्यावर बाकी एकच उरणार, आणि आठनं भागल्यावर एक किंवा सात. असे उमेदवार फक्त चौऱ्याऐंशी.

नागसेन वहीकडे पाहत राहिला. "हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"मले तरी कुठी माहीत होतं, बाबा!"

त्यानं नवं पान काढलं. ३११, बाकी ३५. १३०३, बाकी २२६. या पानावर एकदाही चूक नव्हती. पण थंडी वाढली तसा दिवसाला एक भागाकारही जड जाऊ लागला.

जानेवारीत एकदा तो ओरडला, "फुटली! फुटली पोरी!" १२४०१ नं भागून बाकी शून्य आली होती. डोळ्यांत पाणी होतं. दिव्यानीनं शेजारी बसून तो भागाकार पुन्हा केला. बाकी २४७७. मधे त्यानं हातचा सोडला होता. त्याआधीच्या काही पानांवरही तिला दोन चुका सापडल्या. मग तिनं त्याच्या नखांकडे पाहिलं. ऑक्सिजन कमी पडून ती निळी पडली होती.

"चुकलं का?" त्यानं विचारलं.

खोटं बोलावं असं तिला वाटलं. "हो, बाबा."

"बरं झालं," तो म्हणाला. "नाई फुटत ती." आणि डोळे मिटून पडला.

मार्चमध्ये चंद्रपूरच्या दवाखान्यात तो वारला. चाळीसहून जास्त भागाकार राहिले होते. दिव्यानीनं ते केले नाहीत.

मृत्यूच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं. धुळीचा शब्दच नव्हता, आणि त्याशिवाय खाणीकडून भरपाई मिळणार नव्हती. तो कागद बदलून घ्यायला रिना दोनदा दवाखान्याच्या ऑफिसात जाऊन रिकाम्या हातानं परतली. तिसऱ्यांदा दिव्यानी सोबत गेली. तेव्हाही तिथल्या साहेबांनी कागद न वाचताच परत दिला.