पूर्ण्याची बाज

पाचवीच्या वर्गावर होतो, बायकोचा फोन आला, "काका गेले." सकाळी ते ओसरीवर अंबाडीच्या दोरीवर पाणी शिंपडत बसले होते आणि मी नेहमीसारखा न बोलता चपला घालून निघालो होतो. शेवटची भेट म्हणायची तर ती एवढीच... महिना झाला त्याला.

गणपतकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. तरी आमचं अर्धं चुडावा गाव त्यांनी विणलेल्या बाजांवर झोपतं. मी शिक्षक. दिव्यांगांच्या सन्मानावर शाळेत दरवर्षी भाषण मीच ठोकतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या लेकीला, सुमनला, बघायला बोरीचे पाहुणे येणार होते. घरात आंधळं माणूस दिसलं तर सोयरीक मोडेल, या भीतीनं मी काकांना शेजारच्या अंगणात बसवून आलो. देवीनं गेलेले डोळे पिढीत उतरत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाहुणे नेमके काकांच्या नव्या बाजेवर बसले. मुलाचे वडील वीण दाबून बघत म्हणाले, "लय झकास हाय. कोनी इनली?"

"पूर्ण्याच्या बाजारातून आणलीय," मी म्हणालो. शेजारच्या अंगणात आणि आमच्यात कमरेएवढी भिंत होती.

सोयरीक जमली. संध्याकाळी जेवताना काका म्हणाले, "पूर्ण्यात कोन इनायलंय रं आता? त्येच्या बाजंला एकदा हात लावून बघायचाय." मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. लग्नाआधी त्यांनी सुमनसाठी एक बाज विणली. "बोरीला धाडून दे. इचारलं तर पूर्ण्याची म्हून सांग." आणि मी... तसंच सांगितलं. पुढं व्याह्यांनी काकांना पाहिलं, काहीही बिनसलं नाही. खोटं मात्र तसंच राहिलं.

परवा व्याही भेटायला आले, आमच्या घरातल्या त्याच बाजेवर टेकले. "काकाला दिसत नव्हतं, दिस कसा काढायचे ओ बिचारे?"

"बसून असायचे," मी म्हणालो. काका गेल्यावरही मला खरं बोलवलं नाही, याची लाज वाटते.

दर पंधरवड्याला काका पायथ्याची दोरी ओढून बाज ताठ करायचे. काल मी ओढून पाहिली. तळहात सोलले, बाज झोळीसारखी सैल ती सैलच. व्याही पेपरची ही पुरवणी न चुकता वाचतात, म्हणून इथं लिहितो. पाहुणे, तुम्ही बसला होता ती बाज काकांनी विणली. तुमच्या घरातलीसुद्धा.