सासऱ्यांच्या बैलांची मुद्दाम निवड

हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. घरात तर विषयच काढायचा नाही, अशी अट आहे. पण आता तुम्ही दुसरा चहा मागवलाय, आणि ही माहेरी गेलीय, म्हणून सांगतो. बाहेर बोलायचं नाही हं!

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा नगरजवळ नागापूरला एका कारखान्यात टर्नर होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या लेथवर बन्सी होता, सोनईकडचा. त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत कुणीतरी इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात परदेशातल्या मोटारींच्या शर्यतीचे फोटो. आम्हाला इंग्रजी किती येणार? पण वाद घालायला भाषा कशाला लागते?

मी म्हणालो, "अस्सल ड्रायव्हर असला ना, तर त्याला कसलीही खटारा गाडी द्या, तो पहिलाच येणार."

बन्सी म्हणाला, "हॅट! गाडीत दम न्हाई तर डायवर काय पाठीवर घेऊन पळंल का?"

झालं! पेटलं भांडण. बन्सीचे चुलते, तात्या, म्हणजे त्या भागातले नावाजलेले गाडीवान. बैलांच्या शर्यतीत सलग कितीतरी वर्षं पहिला नंबर सोडला नव्हता. मी म्हणालो, "तुझ्या तात्यांना जिल्ह्यातले सगळ्यात मठ्ठ बैल द्या. तरी पहिले येतील!"

"आन कुठून आनायचे इतके मठ्ठ?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या सासऱ्यांचे आहेत की!"

का बोललो? अहो, दिवाळसणाला तिसगावला गेलो होतो. स्टँडवर सासरे बैलगाडी घेऊन आले होते. घर मैलभर. वाटेत डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक म्हातारी आमच्या पुढे गेली. पुढं जाऊन ती बाभळीखाली टेकली, पाणी प्यायली, आम्ही येईपर्यंत थांबली, "बरं हाय का पाव्हणं?" विचारलं, आणि परत पुढे गेली!

बन्सीने गावी कळवलं. तात्या तयार झाले. त्यांच्याकडच्या जत्रेतली शर्यत पंधरा दिवसांवर आली. आता सासऱ्यांना बैल मागायचे कसे? "तुमचे बैल मठ्ठ आहेत म्हणून पाठवा," असं नवा जावई लिहील का? मी अर्धा तास पेन चावलं आणि कार्ड लिहिलं, 'सोनईकडच्या जत्रेत शर्यतीसाठी आपल्या बैलांची मुद्दाम निवड केली आहे. त्यांच्यासारखे बैल अवघ्या जिल्ह्यात नाहीत. स्वतः तात्या हाकणार आहेत.'

बघा, यातला एक शब्द तरी खोटा आहे का? मी स्वतःवरच खूश होतो.

जत्रेच्या दिवशी मी, ही आणि बन्सी मैदानावर पोचलो, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. सासरे आले होते. नवं धोतर, गुलाबी फेटा. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात नवे घुंगरू. बैलांना त्रास नको म्हणून दोन मुक्काम करत, पायी चालत आणलं होतं. आणि मागे तिसगावचे पंधरा-वीस लोक, हलगीसकट!

"जावईबापू," सासऱ्यांनी माझे दोन्ही हात धरले, "मी तीस वर्सं बैल पाळले. माज्या बैलांना आजपतुर कुनी चांगलं म्हनलं न्हाई. तुमचं कार्ड चावडीत वाचून दावलं."

हिने माझ्याकडे असं कौतुकाने पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. हसलो मी, दात काढून.

सात छकडे ओळीत उभे राहिले. तात्या सकाळपासून त्या बैलांपाशी बसून होते, मानेखाली खाजवत, काहीबाही बोलत. हातात आसूडसुद्धा नाही. आणि तेवढ्यात कर्ण्यावरून पुकारा झाला.

"ऐका मंडळी! आज तात्यांनी पैज घेतलीय! नगरच्या पाव्हण्यांनी अख्ख्या जिल्ह्यातले सगळ्यात मठ्ठ बैल मुद्दाम हुडकून आनलेत! बगू, गाडीवान मोठा का बैल मोठा!"

मैदान हसलं. तिसगावची हलगी थांबली.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोपरीच्या खिशातून माझं कार्ड काढलं, उलगडायला त्यात काही नव्हतंच, तरी डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं. "त्यांच्यासारखे बैल अवघ्या जिल्ह्यात नाहीत," ते पुटपुटले. "खरंच लिवलंय की."

हिचा हात माझ्या दंडावर होता. तो तिने काढून घेतला.

निशाण पडलं. सहा छकडे धूळ उडवत सुटले. आमचे बैल उभेच! लोक हसून लोळायला लागले. तात्या पुढे वाकले, दोघांच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि काय सांगू, ते बैल पळाले! जन्मात पहिल्यांदा! एका छकड्याचे बैल बुजून आडवे गेले, तात्यांनी आपले सरळ काढले. दुसरा गाडीवान आसूड ओढत राहिला आणि त्याचे बैल दमले, त्यालाही मागे टाकलं. तिसराही गेला. सासरे सगळं विसरून फेटा हातात घेऊन ओरडत होते, "हान्न माज्या राजा!"

चौथा नंबर. सातात चौथा. जाणती माणसं म्हणत होती, तात्यांनी असं कधी हाकलंच नव्हतं.

बन्सीने विचारलं, "तात्या, मग मोठं कोन?"

तात्या बैलांचा घाम पुसत म्हणाले, "गाडीवान चवथ्या नंबरापतुर नेतो. पुढचे तीन नंबर बैलाचे." मग सासऱ्यांपुढे हात जोडले. "पाटील, जनावरं लई गुनी हायेत. लोकांनी हसाया नको हुतं."

मला वाटलं, जमीन फाटून आत घेईल तर बरं. मी सगळ्यांदेखत सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा, चुकलो. फार चुकलो. बोलायच्या भरात बोलून गेलो, आणि कबूल करायची हिंमत झाली नाही."

त्यांनी मला धरून उठवलं, माझ्या कपाळाची धूळ झटकली.

"राहू द्या, जावईबापू. तुमाला पाहिलं तवाच सुमीच्या आईला म्हनलं हुतं, पोरगं बेताचंच हाय, पन आपली सुमी गाडीवान लई चांगली हाय." त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला. "नेईल तुमाला, चवथ्या नंबरापतुर."