सिस्टरबाईंची उसनी साडी

गंगाखेडच्या सिस्टरबाईंचा विषय निघाला की आजवर मी तो बदलत आलो. आता वय झालं, सांगून टाकतो.

सिस्टरबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. कोकणातल्या ज्यू. बोलणं आपल्यासारखंच मराठी. आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. शनिवारी त्यांची चूल पेटत नसे. घरात देव्हारा नाही, तसबीर नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आमचा देव दिसत नाही, पण त्याला सगळं दिसतं." हसून म्हणायच्या, तेच मला खटकायचं.

कुणाकडं चिमूटभर साखर न मागणारी ही बाई श्रावणाच्या आसपासच्या एका पौर्णिमेला मात्र पांढरी साडी मागायची. आपली पांढरी साडी दुसरीला द्यायची आणि तिची स्वतः नेसायची. एका वर्षी दवाखान्यातल्या आयाबाईशी अदलाबदल झाली. तेव्हापासून मी लक्ष ठेवून होतो.

पुढच्या वर्षी त्या माझ्या बहिणीची साडी नेसून बाहेर आल्या. सुमन नुकतीच विधवा होऊन माहेरी आली होती, पांढरंच नेसायची, उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. विधवेची साडी हौसेनं कोण नेसतं? मला करणीचा वास आला. त्यात दोघी नदीच्या घाटाकडं निघालेल्या, आणि सुमन चक्क हसत होती. मी दारातच अडवलं.

"सिस्टरबाई, आमच्या पोरीची साडी कायला पायजे तुमाला?"

"दादा, आज आमचा 'तू बआव' नावाचा सण. फार पूर्वी आमच्या मूळ देशात या दिवशी पोरी पांढरं नेसून द्राक्षमळ्यात नाचायच्या. सगळ्यांनी उसनंच नेसायचं. जिच्याकडं नाही तिला लाज वाटू नये म्हणून."

"अन् नाचून काय व्हायचं?"

"लग्नं जमायची."

झालं! हिनं सुमनचं कुठंतरी जमवलंय, अशी माझी खात्रीच पटली. "खोल्या रिकाम्या करा," म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. साडी धुऊन, घडी घालून सुमनला दिली आणि बिऱ्हाड हलवलं.

सामानाची गाडी गेल्यावर सुमन म्हणाली, "दादा, त्या कायबी जमवत न्हवत्या. माझी साडी कुणीतरी आनंदानं नेसली, एवढंच झालं. तुला तेबी बघवलं न्हाई." त्यानंतर ती घाटावर कधी गेली नाही.

मागच्या साली देवगाव फाट्यावर सिस्टरबाई भेटल्या. केस पार पांढरे. त्यांनीच हाक मारली, "दादा, सुमन कशी आहे?"

"बरी हाय," म्हणालो. तेवढ्यात सेलूची जीप लागली. मी त्यांची पिशवी उचलून आत ठेवली, माफी मागायला तोंड उघडलं, आणि निघालं ते एवढंच, "बसा बसा, जागा जाईल."