श्रावणातला बांगडा

कॉम्प्युटर डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला इंटरनेट ऑफ थिंग्ज, म्हणजे वस्तू नेटला जोडायचा विषय आला आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी कशाला ना कशाला सेन्सर चिकटला. कुणी पंख्याला लावला, कुणी टाकीला. मी लावला आईच्या शेगडीच्या वर, भिंतीला. धूर झाला की माझ्या आणि बाबांच्या मोबाइलवर 'धोका' असा मेसेज यायचा.

लावला तेव्हा आषाढ चालू होता. आम्ही चारकोपला राहिलो तरी कोकणातली माणसं. आषाढात आमच्याकडे मासे असे खातात की जणू उद्यापासून समुद्र बंद. सेन्सर साध्या फोडणीलाही बोंब मारायचा. बाबा घाटकोपरच्या ऑफिसातून फोन करून विचारायचे, घर आहे का जागेवर? वैतागून मी मर्यादा वाढवत नेली. शेवटी फोडणीला तो गप्प बसायला लागला आणि फक्त सुका बांगडा भाजला की ओरडायला लागला. काय डोकं आहे आपलं, म्हणून मी स्वतःवरच खूश.

याच सेन्सरच्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू अंधेरीला, कॉलेजात. एकदा आमचं प्रोजेक्ट परत पाठवलं होतं. आता नाही चाललं तर टर्म जाणार, म्हणजे वर्ष गेलं. आमच्या सरांचा एकच हेका: सेन्सर आणि दिवा एकाच टेबलावर असतील तर त्याला दारावरची बेल म्हणतात. म्हणून सेन्सर घरी, आलेख कॉलेजच्या स्क्रीनवर, आणि समोर बाहेरून आलेले परीक्षक.

आणि महिना श्रावणाचा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईला फोन लावून म्हटलं, धूर कर. तिने बिचारीने अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला, पोळी करपवली, मिरच्या जाळल्या. तिकडे ती खोकतेय आणि इकडे रेघ सरळच्या सरळ. मर्यादा ओलांडल्याशिवाय सेन्सरचा बोर्ड काही पाठवतच नव्हता; ती बदलायची तर बोर्ड हातात हवा, आणि बोर्ड चारकोपला. परीक्षक घड्याळ बघायला लागले. माझी पार वाट लागली होती. शेवटी फोनवर म्हटलं.

"आई, सुका बांगडा भाज ना."

माझी आई म्हणजे श्रावणात शेजारच्या वाढदिवसाचा केकसुद्धा अंडं असेल म्हणून दारातूनच परत करणारी.

"अरे, आज सोमवार आहे," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. मागून आजीचा आवाज आला. आमच्या घरातले श्रावणाचे सगळे नियम हिचेच.

"भाज गो. खावचो नाय, नुसतो भाजूचो आसा."

थोड्या वेळाने तव्याचा आवाज आला आणि रेघ ताडकन वर गेली. 'धोका!' परीक्षकांनी विचारलं, नेमका कसला धूर? मी म्हटलं, मॅकरेल, सर. ते हसले नाहीत, पण सही केली.

उड्या मारत घरी आलो तर मजल्यावर गर्दी. सोमवारचा बांगड्याचा वास जिन्यापर्यंत आला होता आणि आई न्हाऊन ओल्या केसांनी दारात उभी राहून सगळ्यांना सांगत होती की मुलाचं मशीन जळलं, त्याचा वास आहे. बाबांनाही मेसेज गेला होता. त्यांना फोनवर तिने तेच सांगितलं. आमच्या मजल्यावर सगळे कोकणातले. बांगड्याचा वास न ओळखणारं नाक तिथे एकही नव्हतं. तरी सगळे मशीनचीच चौकशी करत होते.

आईने माझ्याकडे बघितलं. मी हळूच मान हलवली, झालो पास म्हणून. तिचे डोळे भरून आले. मलाही रडू फुटायच्या बेतात होतं.

वास ओळखूनही, आमचे डोळे बघून शेजारच्या काकूंना वाटलं, मशीनही खरंच जळलं असणार. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रे बाळा, पुढच्या वेळी होशील पास."

"हो काकू," मी म्हटलं आणि मान खाली घातली.